हिसके

रात्री अकरानंतर हरिपुरात नेट बरं चालतं.
मग मी तिला उघडते :
हत्ती-सील, मादी, क्रमांक चाळीस-ब,
डोक्यावर काडेपेटीएवढं यंत्र चिकटवलेलं,
दक्षिणेच्या समुद्रात, जिथे मी कधी जाणार नाही.

तिचं पाणी माझ्याकडे नाही. मासे नाहीत.
आहेत ते आकडे, दर सेकंदाला सोळा :
खोली, कल, मानेचा झटका.
ती पाचशे मीटर खाली, अंधारात, मान हिसडते
आणि इथे हळदीचा वास मुरलेल्या खोलीत
एक रेघ उडी मारते.
मी लिहिते : तोंड घातलं असावं.
‘असावं’ याचा मला पगार मिळतो.

आप्पा दारात येऊन उभे राहतात.
या घरात मासा कधी शिजला नाही, तरी विचारतात,
"खाल्लं का मग तिनं?"
एकशे बारा हिसके आहेत आज, आप्पा.
"ते न्हवं. खाल्लं का?"

आप्पा पेवात उतरायचे.
वर माणूस मावेल न मावेल एवढं तोंड,
खाली पोट सुटलेलं, पंचवीस फूट,
कडेनं उसाचा पाला, मध्ये हळद.
आधी कंदील सोडायचा. विझला तर थांबायचं.
नाही विझला तर आप्पा.
वर दोर धरायला बाबालाल मुजावर,
तेवढ्या वेळात तंबाखू मळायचे नाहीत, बोलायचे नाहीत.
एक हिसका : हाय मी.
दोन : पोतं भरलं, घ्या वर.
तीनचा अर्थ घरात कुणी सांगितला नाही.

एकदा मी डबा घेऊन गेले, तिसरीत होते,
तर दोर गप्प.
चाचांचे ओठ हलत होते. मोजत असणार.
मग "शिदगोंडा!" अशी एकच हाक
आणि ओढलंच.
आप्पा शिव्या देत वर आले,
"अरं, काटा काढत बसलो हुतो की पायातला!"
चाचा हसले नाहीत.
तळहातावरचा वळ विजारीला पुसत राहिले,
पुसून जाणारा नव्हता तो.

पुढे पुरात पेवं गेली.
चाचाही गेले, पण त्याचा पुराशी संबंध नाही.

खरं सांगायचं तर हिसक्यांवर माझा भरवसा नाही.
मागे एकीवर कॅमेरा बसवला होता :
वीस हिसके, तोंडाला लागलं सातदा.
दोनदा तर जवळ काहीच नव्हतं,
नुसतीच मान झटकली.
कळतं ते ती काहीच करत नाही तेव्हा.
पोहणं सोडून ती उताणी होते,
पानासारखी हेलकावत खाली जात राहते.
अंगावर चरबी धरली असेल तर सावकाश,
उपाशी असेल तर भरभर.
नऊ आठवड्यांत ती सावकाश होत गेलीय.
"खाल्लंय," मी म्हटलं, "गेल्या महिन्यात. आजचं सांगता येत नाही."
आप्पांनी मान डोलावली. हे त्यांना पटलं.

आई गेल्यापासून ते आपलं आपण वाढून घेतात.
भिंतीपलीकडून मला येतं ऐकू :
झाकण, पळी, पाट, नळ. क्रम चुकत नाही.
टोपलीतली एक भाकरी कमी.
सकाळी दारातलं कुत्रं जरा जास्तच शेपूट हलवतं.
आणि ते निजले की बाजेचं सुंभ
पूर्वी जमिनीला टेकायला यायचं,
आता बाजेखाली तांब्या उभा राहतो.

आज संगणक मिटला, दिवा घालवला,
बाजेपाशी जाऊन बसले.
"आप्पा, जेवलात का?"
डोळे उघडले नाहीत त्यांनी.
हात खाली आला, चाचपडला,
माझ्या ओढणीचं टोक सापडलं,
ओढलं.

एकदाच.

टोक त्यांच्या मुठीतच राहू दिलं मी,
आणि ओठ हलवत मोजत बसले.